रक्तदाब आणि रोजचं जेवण: मीठ येतं कुठून, मोजायचं कसं, कमी करायचं कसं

पथ्यपाणी

बीपी वाढलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ‘मीठ कमी करा’. सल्ला बरोबर आहे, पण इतका मोघम की हाती काही लागत नाही. किती कमी? कुठलं कमी? कमी झालं की नाही हे कळणार कसं? हे सगळं आकड्यांनिशी एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी माप. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या आत. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो, कारण मीठ आणि सोडियम एकच समजलं जातं. मिठात वजनाने साधारण ४० टक्के सोडियम असतं, उरलेलं क्लोराइड. पाकिटावर सोडियम छापलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

पाकीट वाचताना १०० ग्रॅममागचा आकडा बघा. ब्रिटनमधल्या लेबलांची मोजपट्टी लक्षात ठेवायला सोपी आहे: १०० ग्रॅममागे सोडियम १२० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर कमी, ६००च्या वर गेलं तर जास्त. ‘एका सर्व्हिंगमागे’ दिलेल्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. पाकिटात दोन सर्व्हिंग धरलेली असतात आणि खाणारा एकटा असतो, मग आकडा दुप्पट होतो. इन्स्टंट नूडल्सच्या एका पाकिटात मसाल्याच्या पुडीसकट १,५०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त सोडियम सर्रास सापडतं. दिवसाचा बहुतेक कोटा तिथेच संपला.

जिभेवर विश्वास ठेवून चालत नाही, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पाव. चिप्स खारट लागतात कारण त्यांचं मीठ पृष्ठभागावर असतं आणि थेट जिभेला लागतं. पावाचं मीठ पिठात मुरलेलं असतं, म्हणून जाणवत नाही. पण दोघांचीही १०० ग्रॅममागची पातळी बऱ्याचदा सारखीच, ४०० ते ५५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. चिप्स आपण मूठभर खातो, पाव मात्र रोज चार स्लाइस. चार स्लाइस म्हणजे अंदाजे १२० ग्रॅम, म्हणजे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम मीठ, तेही वर काही न लावता. चीज, सॉस, तयार सूप, खारवलेलं मांस, डबाबंद भाज्या आणि डबाबंद कडधान्यं यांची गत तीच. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे जवळपास ९०० मिलिग्रॅम सोडियम.

आता स्वयंपाकघरातलं मीठ. ते अंदाजाने कुणालाच सांगता येत नाही, म्हणून डबा तोलायचा. मिठाचा डबा झाकणासकट किचनच्या काट्यावर ठेवा, वजन आणि तारीख झाकणावरच चिकटवा. पुढचे १४ दिवस घरात लागणारं सगळं मीठ त्याच डब्यातून घ्यायचं, मध्ये भर घालायची नाही. मग पुन्हा तोला. आलेला फरक भागिले दिवस, भागिले माणसं. समजा चार माणसं आणि १४ दिवसांत ४२० ग्रॅम संपलं, तर माणशी दिवसाला साडेसात ग्रॅम झाले. आणि हे पाव-सॉस-बिस्किटं सोडून. विकतच्या वस्तूंतून दीड ग्रॅम येतं असं धरलं तर डब्याच्या वाट्याला साडेतीन ग्रॅमच उरतात, म्हणजे त्याच घरात १४ दिवसांना १९६ ग्रॅम. हा आकडा समोर आला की पुढचं काम किती मोठं आहे ते कळतं.

हिशोब चुकतो तो ठरावीक ठिकाणी. उकळून ओतून दिलेल्या पाण्यातलं मीठ पोटात जात नाही. लहान मूल पूर्ण माणूस धरलं तर सरासरी उगाच कमी दिसते, त्याला अर्धा धरा. बाहेर जेवणं जास्त होत असतील तर माणसं न मोजता घरची जेवणं मोजा.

आता हे का होतं ते. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त सोडियम परत रक्तात ओढून घेतात. खाण्यातून सोडियम जास्त आलं की त्याच्यासोबत पाणी थांबतं आणि रक्तवाहिन्यांतला द्रव वाढतो. तो जास्तीचा भार बाहेर टाकायला काही मूत्रपिंडांना थोडासाच दाब पुरतो, काहींना बराच लागतो. म्हणून तेवढंच मीठ खाऊन एकाचं बीपी हलत नाही आणि दुसऱ्याचं दहाने चढतं. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि आधीपासूनचं वाढलेलं बीपी यांमुळे ही संवेदनशीलता वाढते.

आणि इथे पोटॅशियम येतं. मूत्रपिंडाच्या नळीत पुढच्या भागात सोडियम परत ओढणारा एक वाहक असतो. रक्तात पोटॅशियम पुरेसं असलं की तो मंदावतो आणि सोडियम लघवीतून निघून जातं. पोटॅशियम कमी पडलं की तोच वाहक जोरात चालतो आणि शरीर मीठ धरून ठेवतं. थायझाइड जातीच्या बीपीच्या गोळ्या नेमका हाच वाहक अडवतात. म्हणजे भाजी, फळं, डाळी ताटातून गेल्या की मीठ तेवढंच राहूनही बीपी चढू शकतं. माझ्या मते मीठ कमी करण्याच्या गदारोळात ही दुसरी बाजू फारच दुर्लक्षित राहिली आहे.

सपाट_चमचा

फार उपयुक्त धागा. चमच्याच्या मापाबद्दल थोडी भर.

बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ६ ग्रॅम. शिगोशीग भरला तर सहज ९ पर्यंत जातो. जाड खड्यांचं किंवा पापुद्र्याचं मीठ त्याच चमच्यात बरंच कमी बसतं, कारण मध्ये हवा राहते. म्हणून मिठाचा प्रकार बदलला की जुनं चमच्याचं माप रद्द समजा आणि एकदा दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागा. एकच चमचा तोलू नका. घरगुती काट्याची अचूकता १ ग्रॅमची असते, म्हणजे ६ ग्रॅमला ती चूक मोठी ठरते आणि ६० ग्रॅमला नगण्य.

स्वयंपाक करताना चिमटीने मीठ टाकण्याची सवय असेल तर एक सोपा मार्ग आहे. सकाळीच दिवसभराचं मीठ एका छोट्या वाटीत मोजून काढायचं. चार माणसांना माणशी साडेतीन ग्रॅम म्हणजे १४ ग्रॅम, अडीच सपाट चमच्यांना थोडं कमी. दिवसभर त्याच वाटीतून घ्यायचं. दुपारीच वाटी रिकामी झाली तर मीठ कुठल्या पदार्थात गेलं ते लगेच ध्यानात येतं.

किंचित

दोन प्रश्न.

१. शिजवताना घातलेलं मीठ चालतं, वरून घेतलेलं कच्चं मीठ तेवढं वाईट, असं सारखं ऐकायला मिळतं. यात तथ्य आहे का?
२. गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सैंधव यांनी बीपी वाढत नाही म्हणतात, ते?

रसायनी

@किंचित, दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सियस लागतं. पातेल्यात पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच राहतं. त्या उष्णतेने मिठाच्या रेणूला काही होत नाही, ते फक्त पाण्यात विरघळतं. पोटात गेल्यावर शिजलेलं सोडियम आणि न शिजलेलं सोडियम असा भेद नसतो. वरून मीठ घेणं टाळा म्हणतात त्याचं कारण वेगळं आहे: ते मोजून घेतलं जात नाही, चव बघण्याआधीच सवयीने हात जातो, आणि ते आधीच्या मिठात जमा होतं. उलट रसायन बाजूला ठेवून फक्त जिभेचा विचार केला तर पदार्थ कमी मिठाचा शिजवून, वरून मोजून अर्धा ग्रॅम भुरभुरवणं हे आतल्या दीड ग्रॅमपेक्षा फायद्याचं, कारण पृष्ठभागावरचं मीठ जास्त जाणवतं. चिप्सबद्दल वर लिहिलंय तेच तत्त्व इथे आपल्या बाजूने वापरायचं.

रंगीत आणि खड्याच्या मिठांतही ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच असतं. त्यांतली बाकीची खनिजं इतकी अत्यल्प की पोटॅशियमची गरज भागवायला पोतंभर मीठ खावं लागेल. शिवाय त्यांत बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. घरातलं सगळं मीठ तसलंच झालं आणि दूध, अंडी, मासे आहारात नसले तर थायरॉइडचा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

सोडियमच्या इतर वाटाही सांगून ठेवतो, कारण त्या डब्याच्या वजनात येत नाहीत. खाण्याच्या सोड्यात २७ टक्के सोडियम असतं, म्हणजे एका छोट्या सपाट चमच्यात जवळपास १,२५० मिलिग्रॅम. आम्लपित्तावर रोज सोडा पिणाऱ्याने मीठ कितीही तोडलं तरी बीपीचा आकडा जागचा हलणार नाही. अजिनोमोटोत साधारण १२ टक्के, म्हणजे मिठाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ते बेताने वापरून मीठ कमी केलं तर एकूण सोडियम घटतं, पण बाजारच्या पदार्थांत ते मिठाच्या जागी नव्हे, मिठाच्या जोडीला येतं. आणि पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या: विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. दिवसाला सहा घेतल्या तर जेवणाआधीच मर्यादा ओलांडली. तीच गोळी साध्या रूपात मागून घ्या.

उंबरठा

कमी सोडियमचं मीठ म्हणून जे विकतात ते घ्यावं का? कुणी चांगलं म्हणतं, कुणी धोकादायक.

पथ्यपाणी

@उंबरठा, दोन्ही म्हणणी बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या माणसांसाठी.

त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. यावरचा सगळ्यात भक्कम पुरावा चीनमधल्या ग्रामीण भागातल्या चाचणीचा आहे, ती २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. ६०० गावं, २०,९९५ माणसं, सगळे एकतर आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे आणि बीपी असलेले. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण दिलं, बाकीच्यांचं नेहमीचं मीठ चालू राहिलं. जवळपास पाच वर्षांत बीपीचा वरचा आकडा सरासरी तीन-सव्वातीनने कमी राहिला आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५च्या जानेवारीत असं मीठ वापरण्याची सशर्त शिफारस केली.

पण त्या चाचणीत मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे लोक मुळातच घेतलेले नव्हते. हे वाक्य जाहिरातीत सापडत नाही. अशा मिठाच्या ५ ग्रॅममध्ये साधारण ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. कमकुवत मूत्रपिंडाला ते जमत नाही, रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तेही बहुधा आधी कुठलंही लक्षण न दाखवता.

म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असेल, किंवा गोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड, ‘-प्रिल’ने संपणारं औषध (एनालाप्रिल, रामिप्रिल) किंवा ‘-सार्टन’ने संपणारं औषध (लोसार्टन, टेल्मिसार्टन) असेल, तर हे मीठ परस्पर सुरू करू नका. शेवटच्या दोन गटांना सरसकट मनाई नाही, पण आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारायलाच हवं. गरोदरपणात आणि मुलांसाठी ही शिफारस लागू नाही.

वापरताना दोन व्यावहारिक गोष्टी. पोटॅशियम क्लोराइडला किंचित कडवट, धातूसारखी चव असते, ती आंबट पदार्थांत लपते आणि दूध-भातासारख्या सौम्य पदार्थांत उघडी पडते. आणि ‘हे चांगलं मीठ आहे’ म्हणून हात सैल सोडला की सगळा फायदा गेला. पंचवीस टक्के सोडियम कमी असलेलं मीठ तेहतीस टक्के जास्त वापरलं की आपण परत जिथल्या तिथे.

नाडीपट्टी

आहाराचा परिणाम बघायचा तर मोजणी आधी नीट हवी. आहाराने होणारा फरक चार ते दहा अंकांचा असतो आणि चुकीच्या मोजणीतली चूकही नेमकी तेवढीच असते. मग मीठ कमी करूनही ‘काही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो.

दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा, लहान पट्टा जाड दंडावर आकडा वाढवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर अशा उंचीला ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तर सात-आठ अंक उगाच वाढतात. मोजताना बोलायचं नाही, यंत्राकडे बघून शेजारच्याला आकडा सांगायचाही नाही.

सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, एका मिनिटाच्या अंतराने. रात्री पुन्हा दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्या सगळ्यांची सरासरी काढा. आहारबदलाआधी असा एक आठवडा, बदलानंतर चौथ्या आठवड्यात पुन्हा एक. तुलना या दोन सरासरींची करायची, सोमवारच्या आणि मंगळवारच्या आकड्याची नाही.

शास्त्रोक्त

एक वेगळी बाजू. २०१४मध्ये प्युअर या मोठ्या पाहणीत सतरा देशांतल्या एक लाखाहून जास्त लोकांचं सोडियम बघितलं. सगळ्यात कमी धोका दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांत निघाला, आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत धोका पुन्हा वाढलेला दिसला. मग २ ग्रॅमचा आग्रह कशासाठी?

वजनकाटा

@शास्त्रोक्त, मुद्दा रास्त आहे, पण त्या पाहणीत सोडियम मोजलं कसं ते बघायला हवं. सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यातून सूत्र लावून दिवसभराचं सोडियम ठरवलं होतं. त्या सूत्रात वय, लिंग, वजन, उंची येतात आणि याच गोष्टी मृत्यूच्या धोक्याशीही निगडित आहेत. शिवाय आजारी माणूस मुळातच कमी जेवतो, म्हणून कमी सोडियम आणि जास्त मृत्यू एकत्र दिसतात. चोवीस तासांची लघवी अनेकदा गोळा करून, लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासांत ती खालची चढण दिसली नाही, सोडियम कमी तसा धोका कमी असंच निघालं. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण दिवसाला ६ ग्रॅमहून जास्त सोडियम, म्हणजे १५ ग्रॅमहून जास्त मीठ खाणाऱ्याने ते कमी करावं, यावर दोन्ही बाजूंचं भांडण नाही.

खरा आकडा हवा असेल तर चोवीस तासांची लघवीची तपासणी हाच उत्तम उपाय. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट. एकही चुकली तर नमुना बाद. निकाल मिलिमोलमध्ये येतो, त्याला २३ ने गुणलं की मिलिग्रॅम सोडियम. १०० मिलिमोल म्हणजे २,३०० मिलिग्रॅम, म्हणजे पावणेसहा ग्रॅमच्या थोडं वर मीठ. खाल्लेल्यातलं जवळपास ९० टक्के लघवीतून जातं, म्हणून वर दहा टक्के धरा. ज्या दिवशी नेहमीसारखं जेवण असेल तोच दिवस निवडा. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी पथ्य पाळलं तर तपासणीला अर्थ राहत नाही.

चवीपुरतं

स्वयंपाकाच्या अंगाने लिहिते.

एकदम अळणी करू नका. तसं केलं की आठवडाभरात सगळं घर जुन्या चवीवर परत जातं. डब्याच्या हिशोबातून दर आठवड्याला दहा टक्के कमी करा. हे जिभेला जवळपास कळत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांत जीभ नव्या पातळीला सरावते आणि मग जुनं जेवण खारट लागायला लागतं. पण मधे चार दिवस खारट खाणं झालं तर जीभ पुन्हा मागे जाते, म्हणून या काळात पाकिटातल्या वस्तू शक्यतो नकोत.

भात, पोळी, पास्ता, उकडलेला बटाटा यांत मीठ घालायची गरज नसते. ते ज्याच्याबरोबर खायचं त्यात मीठ असतंच. एवढ्या एका बदलाने डब्याचा आकडा ठळक उतरतो.

रस्सा, सूप, डाळ यांत मीठ सुरुवातीला घालू नका. उकळताना पाणी आटतं आणि खारटपणा वाढत जातो, म्हणून शेवटी घाला. उकळत्या पदार्थाची चव बघून मीठ ठरवू नका, चमचाभर बशीत काढून कोमट झाल्यावर चाखा. फार गरम असताना खारटपणा कमी जाणवतो आणि हात वाढतो. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर यांचा आंबटपणा, भाजलेला लसूण, खरपूस परतलेला कांदा, मिरी, ताज्या पाल्याचा वास यांनी कमी मीठही पुरेसं लागतं. आंबट आधी, मीठ मग. लिंबू पिळून चाखलं की बरेचदा मिठाला हात लावावाच लागत नाही.

डबाबंद कडधान्यं चाळणीत ओतून पाणी निथळू द्या आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. सोडियम साधारण ४० टक्क्यांनी कमी होतं. नूडल्सची मसाल्याची पुडी अर्धीच वापरा आणि सूप भांड्यातच ठेवा.

आणि खारट झालेल्या रश्श्यात बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो, हे खरं नाही. तो खारट पाणीच शोषतो, उरलेल्या रश्श्याचा खारटपणा तेवढाच राहतो. खारटपणा उतरवायचा तर पाणी, भाजी किंवा डाळ वाढवा.

किंचित

@पथ्यपाणी, पोटॅशियमबद्दल लिहिलंत, पण रोज किती आणि कशातून, ते आलं नाही. केळं सोडून काही सांगा.

पथ्यपाणी

जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा आकडा दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम. केळ्याची कीर्ती मोठी, पण मध्यम केळ्यात ४२०च्या आसपासच असतं. सालासकट भाजलेल्या मध्यम बटाट्यात ९००, शिजवलेल्या पालकाच्या एका कपात ८००च्या वर, शिजवलेल्या मसुरीच्या एका कपात ७००, राजम्याच्या कपात ६५० ते ७००. टोमॅटो अडीचशे-तीनशे, संत्रं अडीचशेच्या आतबाहेर, एक कप दही चारशेच्या जवळपास.

एकच पदार्थ धरून बसू नका. दोन वेळा डाळ किंवा कडधान्य, दोन भाज्या, दोन फळं, एक बटाटा किंवा रताळं, कपभर दही असं झालं की आकडा आपोआप गाठला जातो. भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर पोटॅशियमही त्याच पाण्याबरोबर जातं. वाफवा, किंवा पाणी बेताचं ठेवून ते पदार्थातच राहू द्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांना नेमकं याच्या उलट करायला सांगतात: बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी टाकून द्यायचं. म्हणून एका घरात दोन वेगवेगळी पथ्यं असू शकतात.

ही मांडणी हवेतली नाही. १९९७मध्ये अमेरिकेत डॅश नावाची चाचणी झाली, ४५९ माणसं. मीठ मुद्दाम सगळ्यांचं सारखं ठेवलं, वजनही बदलू दिलं नाही. फक्त फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, कडधान्यं, सुकामेवा वाढवले आणि संपृक्त चरबी व गोड कमी केलं. आधीच बीपी असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीच्या आहाराच्या तुलनेत ११.४ ने आणि खालचा ५.५ ने उतरला. परिणाम दोन आठवड्यांत दिसला. पुढे २००१मध्ये ४१२ लोकांवर याच आहाराला मिठाच्या तीन पातळ्या जोडून बघितल्या, तेव्हा आहार आणि कमी मीठ एकत्र आल्यावर सगळ्यात जास्त उतार मिळाला. ‘पोटॅशियमच्या गोळ्या घेतल्या तर?’ असा प्रश्न पुढे येईल म्हणून आधीच लिहितो: डॉक्टरांनी रक्त तपासून दिल्याशिवाय नाही.

रसायनी

पेयं आणि किरकोळ पण महत्त्वाच्या गोष्टी राहिल्या.

कॉफी: सवय नसलेल्याचं बीपी तात्पुरतं पाच-दहा अंकांनी चढतं आणि दोन-तीन तासांत उतरतं. रोज पिणाऱ्यात हा चढ बराच बोथट होतो. मद्य: इथे परिणाम सरळ आहे, जितकं जास्त तितकं बीपी जास्त, आणि थांबवलं की काही आठवड्यांत उतरतं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीत हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जात नाही, तो विचारायला हवा.

ज्येष्ठमध: यावर खरंच लक्ष द्या. त्यातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर अडवतं, त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक, मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासारखं काम करू लागतं. सोडियम थांबतं, पोटॅशियम निघून जातं, बीपी चढतं, स्नायू लुळे पडल्यासारखे वाटतात. खोकल्याच्या काढ्यातून, चघळायच्या गोळ्यांतून, हर्बल चहातून ते रोज पोटात जात असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बंद केल्यावरही परिणाम जायला एक-दोन आठवडे, कधी जास्त लागतात.

बीट: त्यातल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात, पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. रस घेतल्यावर दोन-तीन तासांनी वरचा आकडा चार-पाचने खाली येऊ शकतो. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की ते जिवाणू मरतात आणि परिणाम बराचसा जातो. मुतखडा होणाऱ्यांनी बीट आणि पालक दोन्ही बेताने, त्यांत ऑक्झलेट भरपूर असतं.

ग्रेपफ्रूट: बीपीसाठी फेलोडिपिन घेणाऱ्यांनी टाळा, औषधाची रक्तातली पातळी बेसुमार वाढते. अम्लोडिपिनवर परिणाम किरकोळ.

उंबरठा

मीठ कमी करण्याचा अतिरेक होऊ शकतो का? आणि आकडे खाली आले की गोळी कमी करायची का?

नाडीपट्टी

होऊ शकतो. वयस्कर माणूस, सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोनसारखी गोळी, त्यात जेवण कमी आणि पाणी भरपूर, असं जुळून आलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी रक्तातलं सोडियम तपासून घ्या. जुलाब-उलट्या झाल्या तर मीठ-साखरेचं पाणी बीपीच्या भीतीने टाळू नका. त्या वेळी शरीरातून मीठ-पाणी दोन्ही गेलेलं असतं. मात्र बीपीच्या काही गोळ्या त्या दिवसांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, म्हणून डॉक्टरांना लगेच फोन करा.

गोळीबद्दल: आहार बदलल्यावर चौथ्या आठवड्याची सरासरी घ्या आणि त्याबरोबर उभं राहून मोजा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला एकेकदा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्रा जास्त होत असण्याची शक्यता आहे. ते आकडे आणि मिठाच्या डब्याचा हिशोब दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी परस्पर अर्धी करू नका. काही गोळ्या हळूहळू सोडणाऱ्या बनावटीच्या असतात, त्या मोडल्या की सगळं औषध एकदम सुटतं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, क्लोनिडिनसारखी औषधं अचानक बंद केली तर बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात. हृदयविकार असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं.